मानपत्रातलं मेलबर्न

मिल्टन कीन्समध्ये अठरा वर्षं काढल्यावर परीक्षित सामंतकडे पाच बेडरूमचं घर होतं, दोन गाड्या होत्या, ब्रिटिश पासपोर्ट होता. फक्त आपलं म्हणणं कोणी मुकाट ऐकून घेईल, एवढं एक सुख त्याच्या वाट्याला आलेलं नव्हतं. बायको देवयानी त्याचं बोलणं ऐकता ऐकता डिशवॉशर भरायची आणि मधेच झाकण आपटून लावायची. मुलगी ईशिता सोळा वर्षांची, तिच्या कानांत कायम काहीतरी खुपसलेलं. ऑफिसात तो मॅनेजर होता खरा, पण हाताखालची माणसं मीटिंगमध्ये कॅमेरे बंद करून बसायची. तेव्हा त्यानं ठरवलं, कौन्सिलर व्हायचं.

पक्ष कुठला हे विचारू नका, नाव घेतलं की गोष्ट बाजूला राहील आणि आपली जुंपेल. एवढं सांगितलं तरी पुरे, की त्या वर्षी पक्षाच्या दुकानात एकच माल होता. फ्रान्सकडून रबरी होड्यांत बसून येणारे लोक. त्यांना थांबवा, पकडा, परत पाठवा. आणि हा माल खपवायला परीक्षितसारखा विक्रेता कुठून मिळणार! तो शनिवारी सकाळी पत्रकं घेऊन दारोदार जायचा आणि छातीवर हात ठेवून सांगायचा, "वी केम थ्रू द फ्रंट डोअर." मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणातसुद्धा हातात पावभाजीची प्लेट धरून तेच. एकदा कुशल नावाच्या पोरानं, ज्याच्या व्हिसाचं घोंगडं तेव्हा भिजत पडलं होतं, विचारलं, "दादा, पण दार बंद करायची एवढी घाई का?" तर परीक्षित म्हणाला, "अरे, तुझ्याच भल्यासाठी." कुशलला ते भलं काही दिसलं नाही, पण पावभाजी देवयानीची होती, म्हणून तो गप्प बसला.

अडचण एकच होती. तिकीट एक आणि इच्छुक दोन. दुसरा गॅरी, लष्करातून निवृत्त झालेला, आणि त्याचा आजा दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेला. गॅरीनं आज्याचं पदक काढून दाखवलं की खोलीतली माणसं आपोआप ताठ बसायची. पक्षाच्या स्थानिक अध्यक्ष पॉलीनबाई, सत्तरीच्या, मोत्यांच्या माळेतल्या, त्यांनी परीक्षितला चहाला बोलावून विचारलं, "अँड वॉट्स युअर स्टोरी, डिअर?" परीक्षितनं स्टोरी सांगितली: पुणे, इंजिनीअरिंग, कंपनीनं पाठवलं, मॉर्गेज, प्रमोशन, घरामागे काचेची कन्झर्व्हेटरी. पॉलीनबाईंनी बिस्किट चहात इतका वेळ बुडवून ठेवलं की ते तुटून तळाशी गेलं. मग त्या म्हणाल्या, "लव्हली. पण लोकांना घराण्याची गोष्ट लागते. आजी, आजोबा, असं काही?"

आणि परीक्षितला आजोबा आठवले. तसे आठवायला लांब जायचं कारण नव्हतं, ते त्याच्याच घरात होते.

मुरलीधर आजोबा, वय त्र्याण्णव. चिपळूणहून सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आले होते, ते दिवसभर खिडकीत बसून समोरच्या राउंडअबाउटवरच्या गाड्या मोजायचे. ऐकू चांगलं यायचं, दात स्वतःचे सात. इंग्रजी येत नाही, असं घरात सगळे धरून चालले होते, कारण टीव्हीवर इंग्रजी बातम्या लागल्या की ते डोळे मिटायचे. आता मिल्टन कीन्समध्ये राहून इंग्रजी बातम्या लागल्यावर डोळे मिटणारा माणूस शहाणाही असू शकतो, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

या आजोबांबद्दल सामंत घराण्यात एक गोष्ट पिढीजात होती: ते त्रेपन्न ते छप्पन अशी तीन वर्षं ऑस्ट्रेलियात होते. तिथे काय करत होते, कसे गेले, का परत आले, असलं काही विचारण्याची घराण्यात पद्धत नव्हती. लग्न ठरवताना मात्र 'आमच्याकडे फॉरेन तेव्हापासून आहे हं' असं सहज म्हणायची होती. गोष्ट दर लग्नात थोडी मोठी व्हायची. थोरल्या आत्याच्या वेळी आजोबा कंपनीत होते, धाकट्या आत्याच्या वेळी ते कंपनीत साहेब झाले, आणि परीक्षितच्या वेळेपर्यंत त्यांनी मेलबर्नचं ऑलिंपिक पाहुण्यांच्या गॅलरीतून पाहिलेलं होतं.

झालं तर मग. परीक्षितनं मंडळाच्या कमिटीला पटवलं, की दिवाळी मीलनात आजोबांचा सत्कार करू, विषय ठेवू 'आजोबा आणि त्यांचा काळ', आणि पाहुणे म्हणून पॉलीनबाई आणि निवड समितीतले दोघे. कमिटीनं हॉलचं भाडं कोण देणार एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकून एकमतानं ठराव केला.

सत्कार म्हटला की मानपत्र आलं. मंडळात शुद्ध मराठी लिहिणारे दोघेच उरले होते आणि त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. म्हणून परीक्षितनं मानपत्र एआयकडून लिहून घेतलं. त्याला एवढंच सांगितलं: आजोबा, ऑस्ट्रेलिया, त्रेपन्न ते छप्पन, मेलबर्न, भारदस्त पाहिजे. चार सेकंदांत असं भारदस्त आलं, की वाचून परीक्षितचाच ऊर भरून आला. सोनेरी चौकट करून आणली. आजोबांना त्यातलं अक्षरही दाखवलं नाही, यात मात्र त्याचा दोष नाही. मानपत्र लिहिताना सत्कारमूर्तीला काही विचारायचं नसतं, हा आपला जुना रिवाज. बिचाऱ्याला आपण कोण आहोत हे व्यासपीठावरच कळतं.

आदल्या दिवशी तो आजोबांना म्हणाला, "आजोबा, उद्या तुमचा सत्कार आहे."

"कशाबद्दल रे?"

"तुमच्या ऑस्ट्रेलियातल्या कार्याबद्दल."

"कार्य?" आजोबा इतके हसले की खोकला लागला. "कोणी सांगितलं तुला?"

"सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही फक्त उत्तरादाखल दोन शब्द बोला."

"मला हवं ते बोलू?"

"बोला की. मराठीत बोला, मी पाहुण्यांना ट्रान्सलेट करून सांगीन."

"बरं," आजोबा म्हणाले आणि पुन्हा गाड्या मोजायला लागले.

हॉल खचाखच भरला होता. हॉलवाल्यांनी खरी ज्योत लावायला मनाई केलेली, त्यामुळे देवयानीनं बॅटरीवरच्या दिव्यांनी औक्षण केलं. त्यातला एक दिवा उगाच लुकलुकत होता, पॉलीनबाईंना तोही विधीचा भाग वाटला आणि त्यांनी हात जोडले. पडद्यावर काळाचा आढावा झाला: एव्हरेस्टची चढाई, इंग्लंडच्या राणीचा राज्याभिषेक, सुएझ, ऑलिंपिकची मशाल, आणि मागे सतार. मग परीक्षितनं मानपत्र वाचलं, आधी मराठीत, मग इंग्रजीत. 'आपण एकोणीसशे त्रेपन्न साली समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियास प्रयाण केलेत. तेथील अन्नप्रक्रिया उद्योगात आपण मोलाची भर घातलीत. राणीच्या ऐतिहासिक दौऱ्यात आपला सहभाग होता. मेलबर्न ऑलिंपिकचे आपण साक्षीदार आहात.' शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. पॉलीनबाईंनी शेजारच्या समितीवाल्याला कोपरानं ढोसलं. परीक्षितनं ते पाहिलं आणि त्याच्या मनात गॅरी पार मागे पडला.

आजोबा उठले. म्हणाले, "ती चौकट इकडे दे." चौकट टेबलावर ठेवून त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"समुद्रमार्गे प्रयाण केलं, असं लिहिलंय. ते बरोबर. त्या बोटीवर मी आगवाला होतो. भट्टीत कोळसा मारायचो."

परीक्षितनं माइक ओढला. "ही वॉज इन द एनर्जी सेक्टर."

"मेलबर्नच्या धक्क्याला लागलो, तर त्याच दिवशी तिकडे लंडनला राणीचा राज्याभिषेक. गोदीतले झाडून सगळे पिऊन पडलेले. मी बोटीवरून उतरलो आणि परत चढलोच नाही. बोट गेली निघून."

"ही डिसायडेड टु एक्सप्लोर न्यू अपॉर्च्युनिटीज."

"पासपोर्ट नाही, परवाना नाही. पळालेला खलाशी. सापडलो असतो तर तुरुंग."

"ही स्टार्टेड विथ नथिंग," परीक्षित म्हणाला, आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मराठी मंडळींनी वाजवल्या नाहीत. मराठी मंडळी सामोसे हातात धरून जागच्या जागी थिजली होती. परीक्षितला मात्र अजून धीर होता. ज्यांना कळायला नको त्यांना काही कळत नव्हतं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून ईशिता ओरडली, "बाबा, आजोबा असा नाही म्हणाला! तू खोटी सांगतोय!"

"ईशिता, सिट डाउन!"

आजोबांनी हात वर करून तिला बसवलं. मग परीक्षितच्या हातातला माइक हळूच काढून घेतला, पाहुण्यांकडे वळले, आणि त्यांच्या तोंडून जे इंग्रजी निघालं ते ऐकून देवयानीच्या हातून तबक सुटलं.

"गुडाय," आजोबा म्हणाले. "माय ग्रँडसन हिअर इज अ गुड बॉय, बट ही इज टॉकिंग रबिश, माइट."

साताठ दशकांपूर्वीच्या मेलबर्नच्या गोदीतलं इंग्रजी होतं ते, 'मेट'ला 'माइट' म्हणणारं, चांगलं खरखरीत, दर चौथ्या शब्दाला एक शिवी. शिव्या सोडून सांगायचं तर ते बोलले ते असं.

बंदरापासून तीन मैलांवर कार्लो नावाच्या इटालियन माणसाची बेकरी होती. लढाई संपल्यावर युरोपातून बोटी भरभरून गोरे लोक तिथे येत होते. इंग्लंडवाल्यांना तर सरकार दहा पौंडांत आणायचं, या म्हणायचं, जमीन आपलीच आहे. काळ्या माणसाला मात्र मज्जाव. कार्लोनं मुरलीधरला मागच्या शेडमध्ये ठेवला आणि पीठ मळायला लावला. कोणी चौकशी केलीच तर कार्लो सांगायचा, हा माझ्या बायकोचा भाऊ, सिसिलीचा आहे, ऊन जरा जास्त लागलंय. कार्लोची बायको गोरीपान होती. पण पाव चांगला असला की लोक खोलात शिरत नाहीत.

"अन्नप्रक्रिया उद्योग," आजोबा बोटानं ओळ दाखवत म्हणाले, "तो हा."

पॉलीनबाई हसल्या. खरंखुरं हसल्या. आजोबांना चेव आला. त्यांनी पावाची घोडागाडी सांगितली. संध्याकाळी सहाला गुत्ते बंद व्हायचे, म्हणून पाच वाजता सुटलेले कामगार एका तासात चार तासांची पिऊन घ्यायचे आणि सव्वासहाला बेकरीच्या भिंतीला टेकून उभे राहायचे, ते सांगितलं. चोपन्न साली राणी आली तेव्हा कार्लोला मुकुटाच्या आकाराच्या बनांची ऑर्डर होती. मुरलीधरनं सहाशे बन वळले आणि रस्त्याला पोलीस लागलेले म्हणून दोन दिवस पिठाच्या पोत्यांमागे बसून काढले. दौऱ्यातला सहभाग म्हणतात तो एवढाच.

"मला तिथंच राहायचं होतं," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी साधंच उच्चारलं, त्यात शिवीही नव्हती. "मला ते गाव आवडलं होतं. कार्लो म्हणायचा, बेकरीवर तुझंही नाव घालू. मी जागाही बघून ठेवली होती, दाराच्या वर."

मग एक मुंबईचा माणूस पाव घ्यायला येऊ लागला. गिरगावातला, कोटटाय, एका व्यापारी कंपनीत कारकून, रीतसर कागद असलेला. तीन वर्षांत मुरलीधरनं पहिल्यांदा मराठी ऐकलं, ते त्याच्या तोंडून. त्याला रोज एक पाव जास्त द्यायचा, मागच्या शेडमध्ये बसवून चहा पाजायचा, आपली सगळी हकीकत सांगायचा. त्या माणसाची मुदत संपत आलेली होती आणि वाढवून मिळण्यासाठी त्याचा अर्ज पडला होता. आपण इमानदार आहोत हे त्याला सरकारला दाखवायचं होतं. त्यानं दाखवलं.

"मला इमिग्रेशनच्या ऑफिसात नेलं, तेव्हा तो तिथंच होता. टोपी मांडीवर घेऊन. साहेबाला म्हणाला, असल्या लोकांमुळे आमचं नाव खराब होतं. माझ्याकडे बघून म्हणाला. चहा रोज माझा प्यायचा."

मागच्या रांगेत कुशलनं हातातली प्लेट खाली ठेवली.

"आता शेवटची ओळ. ऑलिंपिकचा साक्षीदार." आजोबांनी चष्मा काढला. "बावीस नोव्हेंबर. मला गाडीत घालून बंदरावर नेत होते. मागे जाळीची खिडकी. सगळं शहर स्टेडियमकडे निघालेलं, दुकानांच्या काचेआड टेलिव्हिजन नवीनच आलेला, त्याच्यापुढे ही झुंबड! रस्ता तुंबला आणि आमची गाडी अर्धा तास अडकली. मी जाळीतून बघत होतो. जगभरचे लोक आलेले, सगळ्यांना या या, वेलकम. एका पोरानं मला हात हलवून दाखवला, त्याला वाटलं मी खेळाडू आहे. एवढं ऑलिंपिक मी पाह्यलं. थँक यू."

ते बसले. टाळ्या वाजल्या, चांगल्या कडाडून वाजल्या, आणि त्या आवाजात परीक्षितनं आपल्या तिकिटाला मनोमन अग्नी दिला. पळालेला खलाशी! बोटीतून उतरून लपलेला, कागद नसलेला, पकडून परत पाठवलेला! पत्रकावर काय छापायचं आता? पुढचं दार? आजोबांनी तर मागच्या दाराची कडीच काढून हातात दिली होती. त्याला आजोबांचा असा काही राग आला, की त्र्याण्णव वर्षांच्या माणसाचं परतीचं तिकीट अलीकडचं करता येईल का, हेसुद्धा डोक्यात येऊन गेलं.

पॉलीनबाई व्यासपीठावर आल्या त्या डोळे पुसतच. त्यांनी आजोबांचे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, किती सुंदर, किती धीराचे, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत. मग परीक्षितला दोन पावलं बाजूला घेतलं. दोनच पावलं, कारण व्यासपीठ तेवढंच होतं.

"डार्लिंग, हे तू आमच्यापासून लपवून का ठेवलंस? हे तर सोनं आहे!"

बाई आपल्याशीच बोलताहेत ना, म्हणून परीक्षितनं मागे वळून पाहिलं.

"बघ ना," पॉलीनबाई म्हणाल्या. "त्यांना जायला सांगितलं, ते गेले. वकील नाही, सरकारी खर्चाचं हॉटेल नाही, आरडाओरडा नाही. घरी गेले, कष्ट केले, आणि नातू बघ कसा रीतसर आला! आपण दुसरं काय सांगतोय लोकांना? गॅरीचं पदक राहू दे. हे पत्रकाच्या पहिल्या पानावर घेऊ, त्यांच्या फोटोसकट."

मागे उभ्या असलेल्या समितीवाल्यानं वही उघडली. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते परीक्षितला तेव्हा कळलं.

"फक्त एक," पॉलीनबाई म्हणाल्या, "पत्रकार विचारतीलच, म्हणून तुझ्या तोंडून एकदा स्पष्ट ऐकू दे. त्यांना परत पाठवलं, ते योग्यच झालं. बरोबर ना?"

आजोबा हाताच्या अंतरावर खुर्चीत बसले होते. कान शाबूत, इंग्रजी शाबूत. शाल खांद्यावरून घसरलेली, आणि नजर परीक्षितवर. ती रागाची नव्हती. परीक्षा बघायला बसल्यासारखीही नव्हती. उत्तर काय येतंय ते ऐकायला नुसते बसले होते.

परीक्षितला लाज वाटली. खोटं कशाला बोला, वाटली. दाराच्या वरची ती रिकामी जागा त्याच्या डोळ्यांपुढे आली, जाळीतून बघणारा चोवीस वर्षांचा पोरगा आला. हे सगळं मिळून साधारण चार सेकंद टिकलं.

"येस," तो म्हणाला. "ॲब्सोल्यूटली. रूल्स आर रूल्स."

समितीवाल्यानं ते लिहून घेतलं. पॉलीनबाईंनी त्याचा हात धरून हलवला आणि म्हणाल्या, "वेल डन, कौन्सिलर."

फोटोसाठी परीक्षित आजोबांच्या पाया पडायला वाकला. वाकणं भागच होतं, फोन वर धरून लोक उभे होते. आजोबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मराठीत, त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले.

"परीक्षित, तो गिरगावचा माणूस मला सत्तर वर्षं सुटला नाही रे. वाईट केलं म्हणून नव्हे. माझ्याकडे बघत बघत ते बोलताना त्याला आतून काय वाटलं असेल, एवढंच मला कळत नव्हतं. आज जवळून बघायला मिळालं. फार काही वाटत नाही, होय ना?"

परीक्षित वाकलेलाच राहिला.

"ओह, दॅट इज ब्यूटिफुल," पॉलीनबाई म्हणाल्या. "वॉट डिड ही से?"

परीक्षित उभा राहिला, जॅकेट ठीक केलं, आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाला, "ही गेव्ह मी हिज ब्लेसिंग."